रोज शंभर किलोमीटर गाडी चालवून एलएलबी होईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय एकतीस, घर शिरवळला, मुलगा पहिलीत. पुण्यात डेक्कनच्या बाजूच्या कॉलेजात तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळालाय, तास सकाळी आठ ते साडेबारा. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, गाडी स्वतः चालवायची. "हे झेपेल का, आणि गाडीतले तीन तास अभ्यासाला कसे वापरू?"

पहिल्या अर्ध्याचं उत्तर सरळ आहे: झेपतं. मी २००९ ते २०१२ वाईहून केलं, म्हणजे तुमच्यापेक्षा लांबून. सकाळी खंबाटकीचा बोगदा, दुपारी परतताना घाट, आणि दुसऱ्या वर्षापासून सहापदरीकरणाची खोदाखोद. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता तेरा वर्षं वकिली करते, त्यात निम्म्याहून जास्त कामं मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईची. त्यामुळे या रस्त्याकडे मी दोन बाजूंनी बघते, चालवणारी म्हणून आणि पंचनामे वाचणारी म्हणून.

प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यावर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. गाडीतले तीन तास अभ्यासाचे नाहीत. विश्रांतीचेही नाहीत. ते कामाचे तास आहेत, आणि तुमच्या दिवसातलं सगळ्यात ताजं डोकं तेच खाणार. घरी पोचाल तेव्हा साडेचार तास कॉलेज आणि तीन तास रस्ता असं साडेसात तासांचं काम संपवून पोचाल, वर मुलगा दप्तर उघडून बसलेला असेल. "रात्री नऊनंतर वाचीन" हे पहिल्या महिन्यात प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हटलं होतं. दुसऱ्या महिन्यात पुस्तक उशाशी आणि दिवा चालू, असं नवऱ्याने कितीदा तरी पाहिलं.

म्हणून माझा एकच आग्रह आहे: अभ्यास पुण्यातच संपवून गाडीत बसायचं. बाकीचं सगळं त्याच्याभोवती लावायचं.

आता काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. सकाळी मुलाला उठवून डबा देऊन शाळेत कोण सोडणार? रात्री साडेनऊला तुम्ही खरंच आडव्या होऊ शकता का? हायवेवर सलग गाडी चालवायची सवय आहे, की आत्तापर्यंत शिरवळ-भोर एवढंच? पहिल्या दोन्हींचं उत्तर "बघू" असं असेल, तर आधी ते पक्कं करा. सासूबाई किंवा आई सहा दिवस खंबीरपणे उभ्या असतील तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. नसतील, तर कोणतंही वेळापत्रक दोन आठवड्यांत फाटतं.

वेळेचं म्हणाल तर साडेसहाला निघून आठला पोचायचा हिशोब करू नका. पावणेसहाला निघा. त्या वेळी नव्या कात्रज बोगद्यातून नवले पूल, वारजे, कर्वे रस्ता असं सात-सव्वासातला पोचता. तासाभराने निघालात तर तोच रस्ता दुप्पट लांब वाटतो, आणि वारज्याला रिक्षावाल्यांशी भांडून वर्गात शिरल्यावर पहिल्या तासातलं डोक्यात काही शिरत नाही. लवकर पोचल्यावर जो पाऊण तास मिळतो तो सोन्याचा. आदल्या दिवशीची टिपणं वाचायची आणि आजच्या विषयाची कलमं मूळ कायद्यातून एकदा डोळ्यांखालून घालायची, एवढंच. मी गाडीतच बसून वाचायची, काच थोडी खाली करून, थर्मासमधला चहा घेत. कॉलेजच्या सफाईवाल्या मावशींना वाटायचं माझं घरी भांडण झालंय.

हजेरीचं गणित नीट समजून घ्या, कारण लांबून येणाऱ्यांचा घात तिथेच होतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिली आणि कायदेशिक्षणावर देखरेख करणारी देशपातळीवरची संस्था, तिचे २००८ चे कायदेशिक्षणाचे नियम आहेत, त्यातला बारावा नियम प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी मागतो. 'प्रत्येक विषयात' हे शब्द महत्त्वाचे. एखाद्या विषयात ६५ पर्यंत खाली आलात आणि सगळ्या विषयांची मिळून ७० भरत असेल, तर अपवाद म्हणून प्राचार्य परवानगी देऊ शकतात. त्याखाली गेलात तर विनंतीलाही जागा नाही.

समजा सत्र पंधरा आठवड्यांचं आहे आणि एका विषयाचे आठवड्याला चार तास. एकूण साठ. त्यातले बेचाळीस हवेत, म्हणजे अठरा हातात. ऐकायला भरपूर वाटतात. पण तो विषय जर चारही दिवस पहिल्या तासाला असेल आणि रहदारीमुळे आठवड्यातून दोनदा तुम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलात, तर तीस तास गेले आणि हजेरी पन्नास टक्के. बाकीच्या विषयांत नव्वद असली तरी उपयोग नाही. माझ्या बाबतीत नेमका करार कायदा पहिल्या तासाला होता. सत्राच्या मध्यावर फळ्यावर यादी लागली, त्यात माझ्या नावापुढे ५८. बाकी सगळीकडे ऐंशीच्या वर. मला वाटलं कारकुनाची चूक आहे. चूक नव्हती. त्या दिवसापासून घरून वीस मिनिटं लवकर निघायला लागले आणि शेवटी कशीबशी ७१ झाली. तेव्हा वेळापत्रक हातात आलं की पहिल्या आणि शेवटच्या तासाला कोणते विषय आहेत ते आधी बघा. शेवटचा तास बुडवून "जरा लवकर निघू" हा मोह दुपारी फार होतो. तुमच्या अनुपस्थितीचे तास स्वतःच्या वहीत विषयवार लिहा, कॉलेजच्या यादीची वाट बघू नका.

हातात असलेले तास राखून ठेवा, कारण काही दिवस रस्ताच तुमचा नसतो. गणपती विसर्जनाला आणि पालख्या पुण्यात असतात तेव्हा शहरात शिरायच्या भानगडीत पडू नये. शनिवारी तास असतील तर आणखी एक त्रास आहे: तुम्ही दुपारी घरी निघणार तेव्हा अर्धं पुणं महाबळेश्वर-पाचगणीला निघालेलं असतं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर ती रांग तुमच्या वाट्याला येणार. शनिवारी मी सरळ वाचनालयात बसायची आणि गर्दी ओसरली की निघायची. घरच्यांना ते पटायला सहा महिने लागले.

आता दुपारचा परतीचा प्रवास. याच्यावर मी जरा जास्त लिहिते, कारण सगळा धोका तिथे आहे.

पहिल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी साडेचारला उठलेली, साडेबाराला तास संपले, कँटीनमध्ये पुरीभाजी खाल्ली आणि लगेच निघाले. घरी पोचले, गाडी लावली, पर्स उचलताना डॅशबोर्डवर टोलची पावती दिसली. तेव्हा फास्टॅग नव्हता, काच खाली करून पैसे द्यायचे आणि पावती घ्यायची. पावती त्या दिवशीचीच होती. पण टोलनाका आठवत नव्हता. काच खाली केल्याचं, सुट्टे मोजल्याचं, काहीही आठवत नव्हतं. मी झोपले नव्हते, डोळे उघडे होते, गाडी शंभर नंबरी चालली होती, आणि मधला रस्ता डोक्यातून पुसला गेला होता. ती पावती मी घडी करून फौजदारी संहितेच्या पुस्तकात ठेवली. अजून आहे.

पुढे वकिलीत आल्यावर असेच प्रसंग कागदावर भेटायला लागले. उभ्या ट्रकला मागून धडकलेली कार, स्थळ पंचनाम्यात एक ओळ: 'रस्त्यावर ब्रेकच्या खुणा दिसून आल्या नाहीत.' त्या ओळीवर आम्ही दोन्ही बाजूंचे वकील तासन्‌तास भांडतो, ट्रकचे मागचे दिवे चालू होते की नाही यावरून. पण ब्रेक लागलाच नाही याचा अर्थ बहुतेक वेळा आम्हा दोघांनाही माहीत असतो.

म्हणून दुपारसाठी माझे दोन नियम. एक, जेवून लगेच गाडी चालवायची नाही. डबा खाल्ला की वाचनालय, किमान दीड तास. त्या दिवशीचे तास त्याच दिवशी मिटवायचे: प्रत्येक निकालपत्राचे मुद्दे पाच ओळींत, प्रत्येक कलमाचे घटक स्वतःच्या शब्दांत. दोन, निघण्यापूर्वी सावलीत लावलेल्या गाडीत वीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. वीसच. चाळीस झाली तर उठल्यावर डोकं आणखी जड होतं. चहाने झोप जात नाही, पुढे ढकलली जाते, आणि ती कापूरहोळच्या आसपास येऊन गाठते. एसी थंडगार करणं, गाणी मोठ्याने लावणं, चेहऱ्यावर पाणी मारणं, हे सगळं मी करून बघितलंय. जांभया थांबेनाशा झाल्या की गाडी हायवेवरून खाली उतरवून हॉटेलच्या आवारात लावायची. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर मुळीच थांबू नका. वर सांगितलेल्या पंचनाम्यात उभी असलेली गाडी तुमची व्हायची.

सकाळच्या बाजूला एकच जागा जपायची: कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रलवर सोडतात, मग ब्रेक तापून निकामी होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या होत्या, आणि तो काही शेवटचा अपघात नव्हता. त्या उतारावर पुढच्यापेक्षा मागे जास्त बघा. आरशात भरलेला ट्रक किंवा टँकर मोठा होत असेल तर त्याच्यापुढे राहू नका, त्याला जाऊ द्या. फोन तर नाहीच, पण ऐकत असाल तेही बंद.

ऐकण्यावरून आठवलं. तुम्ही ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकण्याचा बेत लिहिलाय. माझा अनुभव असा की गाडीत नवीन काही ऐकून शिकता येत नाही. तिसऱ्या वाक्याला मोटारसायकल आडवी येते आणि व्याख्यान पुढे निघून जातं. पण आधीच वाचलेलं मोठ्याने म्हणणं गाडीत फार छान जमतं. करार अधिनियमाच्या कलम १० मधल्या अटी एकेक म्हणायच्या. सदोष मनुष्यवध आणि खून यांतल्या फरकासाठी आम्ही भारतीय दंड संहितेची २९९ आणि ३०० घोकायचो, तुम्हाला तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची १०० आणि १०१ घोकावी लागतील. फरक आठवत नसेल तर आठवत नाही एवढंच लक्षात ठेवायचं आणि पोचल्यावर बघायचं. मूट कोर्टाची, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याची, तयारी तर मी पूर्णपणे गाडीतच केली. "माय लॉर्ड" म्हणत स्टिअरिंगला युक्तिवाद ऐकवायचा. शेजारच्या एसटीतल्या बायका बघायच्या. लाज गेली, आणि तो फायदा कोर्टात आजही होतो.

तुम्ही रोज गाडीच का नेता, हेही एकदा तपासा. शिरवळ हायवेवर आहे, पहाटेपासून स्वारगेटच्या एसट्या मिळतात, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. स्वारगेटला सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो आहे. सिव्हिल कोर्टला बदलली की डेक्कन. आमच्या वेळी हे असतं तर मी निम्मे दिवस गाडी घरीच ठेवली असती. वेळ अर्धा-पाऊण तास जास्त जाईल, पण त्या वेळात झोपता येतं. माझ्या मते तीन दिवस गाडी, तीन दिवस एसटी हे तुमच्यासाठी सगळ्यात बरं, आणि परीक्षेच्या दिवसांत तर एसटीच किंवा पुण्यात मुक्काम. आत्या-मावशी कोणी पुण्यात असेल तर आठवड्यातून एक रात्र त्यांच्याकडे काढायची सोय आत्ताच बोलून ठेवा, पावसाळ्यात लागेलच. साताऱ्याच्या लॉ कॉलेजला बदली घ्या असं तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी सुचवलंय, पण शिरवळहून ते अंतर साठच्या पुढे जातं आणि मध्ये खंबाटकी. त्यातून मिळवलं काय?

खर्च लवकर सांगून टाकते. महिन्याला बावीस दिवस धरले तर २,२०० किलोमीटर. लिटरला अठरा पडत असेल तर सव्वाशे लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे बारा-तेरा हजार. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये आला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या. तुमचा रोज जाता-येता टोल धरला तर तो वर्षभर नाही, शंभर दिवस पुरतो. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग दर साडेचार महिन्यांनी येईल. टायर तीन वर्षांत एकदा बदलावे लागतीलच, ते पैसे आत्ताच बाजूला धरा. वर्गात कापूरहोळ-भोरकडचं कोणी भेटलं तर उत्तम, आळीपाळीने चालवा आणि पेट्रोल वाटून घ्या. फक्त अनोळखी माणसांना भाडं घेऊन बसवू नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेतलं की परवान्याचा प्रश्न येतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोच मुद्दा पहिला उचलते.

विम्याचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगते, जी मला अशिलांना नेहमी उशिरा सांगावी लागते. पॉलिसीत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी असतो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवणार तुम्ही, तर त्या पंधरा लाखांत तुम्ही नाही. तुमच्याच चुकीने गाडी दुभाजकावर गेली तर तृतीय पक्ष, म्हणजे त्या गाडीमुळे नुकसान झालेली बाहेरची व्यक्ती, म्हणूनही भरपाई मागता येत नाही; मालकाची गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये म्हटलंय. उपाय सोपा आहे. एकतर तुमच्या स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, नाहीतर गाडी तुमच्या नावावर करा. पहिलं स्वस्त आणि लवकर होणारं आहे.

एक दिलासाही देते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवड्यांची इंटर्नशिप लागते, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. ती पुण्यातच केली पाहिजे असं बार कौन्सिल म्हणत नाही. कॉलेजला विचारून तुमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या किंवा भोरच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाकडे करा. मूट कोर्टाच्या पेपरसाठी दोन खटल्यांचं कामकाज बघून टिपणं लिहावी लागतात, तेही तिथेच जमेल का विचारा. ते आठवडे शरीराला सुट्टीसारखे वाटतात, शिवाय उद्या जिथे वकिली करणार तिथले लोक आत्ताच ओळखीचे होतात. मला माझी पहिली केस अशीच मिळाली, वाईच्या बाररूममध्ये चहा पिताना.

आणि तीन वर्षांनी गाडी चालवणं संपेल अशी आशा असेल तर ती सोडा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सातारा जिल्हा त्यात येतो. मुंबईच्या खेपा वाचल्या म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि आता महिन्यातून दोनदा पहाटे पाचला कोल्हापूरच्या वाटेला लागते. वीस मिनिटांची डुलकी अजून तशीच, फक्त आता कराडच्या अलीकडे.

तुम्ही दोन गोष्टी कळवा: पहिल्या तासाला कोणता विषय आहे, आणि गाडी कोणाच्या नावावर आहे.